छाप

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांचा खेळ आता कोणी खेळत नाही.

मातीत रिंगण आखत. प्रत्येकजण ठरलेल्या किमतीची पाकिटे मधोमध रचून ठेवी. पाकिटे अख्खी नसत. कडा फाडून फक्त चित्राची बाजू ठेवलेली असे. आठदहा पावलांवरून शहाबादी फरशीच्या तुकड्याने नेम धरायचा. रिंगणाबाहेर उडेल ते मारणाऱ्याचे. तुकडा दगडावर घासून गोल केलेला असे. तो कोणी कोणाला उसना देत नसे.

किमती ठरलेल्या होत्या. चारमिनार दहा, पनामा वीस, कैची पन्नास, गोल्ड फ्लेक शंभर. परदेशी पाकीट असेल तर पाचशे. आकडे गल्लीगल्लीत बदलत, क्रम सहसा बदलत नसे. जे पाकीट रस्त्यावर जास्त सापडे ते स्वस्त. दुकानातही तेच स्वस्त असे. मुलांचा भाव आणि दुकानाचा भाव असा आपोआप जुळे.

पाकिटे एस.टी. स्टँडवर, चहाच्या हॉटेलांमागे, टॉकीजच्या आवारात सापडत. झाडू फिरण्याच्या आत पोचावे लागे. ज्याचा गठ्ठा मोठा, तो रबर लावून चड्डीच्या खिशात ठेवी. रबर नसेल तर सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती. एस.टी.ची छापील तिकिटेही चालत, पण सुट्या पैशांसारखी. दहा तिकिटांना एक चारमिनार. तिकिटे आता यंत्रातून निघतात. त्यांवरची शाई काही दिवसांत उडते.

सापडलेला गठ्ठा घरचे लोक चुलीत घालत. जुने गठ्ठे त्यामुळे फारसे उरले नाहीत.

चारमिनारचे पाकीट पिवळे. त्यावर चार मिनारांची इमारत. सिगारेट हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची. लोहा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. राज्याच्या रुपयावरही हीच इमारत होती. बाहेरच्या मालावर करोडगिरी लागे. चारमिनार राज्यातलीच. एकच चित्र कनवटीच्या नाण्यावर आणि खिशातल्या पाकिटावर होते. हैदराबाद कधी न पाहिलेल्या माणसालाही ती इमारत ओळखता येई.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचे राज्य संपले. त्याचा रुपया, हाली सिक्का, आणखी काही वर्षे चालला. १९५९मध्ये तोही गेला. पाकीट राहिले. मग फिल्टरच्या सिगारेटी आल्या. टपरीवर पिवळे पाकीट आता शोधावे लागते.

कैची छाप ही विल्स कंपनीची सिगारेट. तिचे खरे नाव सिझर्स. दुकानात ते नाव कोणी घेत नसे. पाकिटावर कैचीचे चित्र होते, तेवढे पुरे होते. ‘पासिंग शो’च्या पाकिटावर उंच टोपीतला साहेब होता. त्याचेही नाव वाचणारे थोडे. साहेबाची सिगारेट म्हटले की दुकानदार काढून देई.

पहिल्या महायुद्धाच्या आधी कैचीच्या पाकिटात रंगीत चित्रांचे पत्ते निघत. १९१२च्या एका मालिकेत हिंदुस्थानी पलटणींचे सैनिक होते. गिऱ्हाईक बहुतेक छावणीतले. पत्ता जाड कागदाचा असे. त्याचे पहिले काम सिगारेटी चुरगळू न देण्याचे. चित्र त्यावर नंतर आले.

मुंगेरच्या पेनिन्शुलर टोबॅको कंपनीनेही पत्ते काढले. साल १९१०च्या सुमारास. एका मालिकेत हिंदू देवता होत्या, दुसऱ्या मालिकेत नाचणाऱ्या बायका. माप एकच. पाठीवर कंपनीचे नाव. देवाचा पत्ता सिगारेटच्या पाकिटातून निघतो, याबद्दल तेव्हा तक्रार झाली की नाही, हे पत्त्यावर लिहिलेले नाही.

ही चाल अमेरिकेतली. १८८०च्या दशकात व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ॲलन अँड गिंटर नावाची कंपनी होती. तिने पाकिटांत बेसबॉलचे खेळाडू घातले, मुष्टियोद्धे घातले, पक्षी घातले, देशोदेशीचे झेंडे घातले. एक पत्ता मिळाला की पुढचा हवासा वाटे. पुढच्यासाठी पाकीट घ्यावे लागे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंचे पाचशेहून अधिक वेगवेगळे पत्ते काढले. पुष्कळांवर सपाट रंगाची पार्श्वभूमी, छातीपर्यंतचा खेळाडू, खाली आडनाव आणि गाव. मुले दुकानाबाहेर उभी राहत आणि बाहेर पडणाऱ्या पुरुषांकडे पत्ता मागत.

त्या मालिकेतला होनस वॅग्नरचा पत्ता लवकर थांबला. खेळाडूची परवानगी नव्हती. कोणी म्हणते त्याला तंबाखूशी नाव जोडायचे नव्हते. कोणी म्हणते पैशांचे जमले नाही. थोडे पत्ते तोवर बाहेर पडले होते. २०२२मध्ये त्यांतला एक ७२.५ लाख डॉलरला विकला गेला.

विल्सने विलायतेत १८९६मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढेही काढल्या. विल्सच्या पत्त्यांवर रणजितसिंहजी आहेत. १९४०मध्ये युद्धामुळे कागद तुटला आणि विलायतेतल्या पाकिटांतले पत्ते बंद झाले. युद्ध संपले, पत्ते तसे परत आले नाहीत.

लोह्याच्या मुलांनी पत्ता पाहिला नाही. त्यांनी पाकीटच पत्ता केले.

बिडीच्या कट्ट्यावर मालकाचा फोटो असे. फेटा किंवा काळी टोपी, मिशा, समोर रोखलेले डोळे. फोटोखाली सही. बाजूला एक आकडा, तोच बिडीचे नाव. नकली मालापासून सावध राहण्याची सूचना मराठी, उर्दू, तेलुगू अशा दोन-तीन भाषांत. कागद इतका पातळ, की उजेडात धरला तर आतल्या बिड्यांच्या रांगा दिसत. मालक वारला तरी फोटो बदलत नसे. आजोबांच्या चेहऱ्यावर नातू धंदा करी.

बिडीचे पान किनवटच्या जंगलातून येई. वळणाऱ्या बायका निजामाबादकडे. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, कापलेले पान, दोरा. तिकडून कट्टे नांदेडच्या मोंढ्यात आणि तिथून लोह्यात येत. १ एप्रिल २०१६पासून तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के जागेत इशारा छापावा लागतो. आजारी माणसाचा फोटो आणि अक्षरे. कट्ट्यावर आता दोन चेहरे असतात. मालकाचा लहान आहे.

पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची संभाजी बिडी होती. २०२०मध्ये नावावर हरकती वाढल्या. बिडी आता साबळे नावाने येते.

गाय छाप जर्दा संगमनेरच्या मालपाणींचा. पुडीवर गाय. तो आहे. चंची गेली. चंची कापडाची, तीन-चार कप्प्यांची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. गुंडाळून नाडीने बांधायची आणि कंबरेला खोचायची. चंची शिवणारे शिंपी होते, तिच्यावर रंगीत दोऱ्याचे टाके घालणाऱ्या बायका होत्या. जवळच्या माळेगावच्या यात्रेत चंच्या टांगलेल्या असत.

काडेपेटीला लोह्यात आगपेटीही म्हणतात. जुनी पेटी लाकडाच्या पापुद्र्याची. एक बाहेरचे आवरण, एक आतला खण. वरून निळा कागद. निळ्या कागदावर छाप चिकटवलेला. छाप पेटीपेक्षा किंचित लहान असे, म्हणून चारी बाजूंनी निळी रेघ दिसे. छपाई दोन किंवा तीन रंगांत. रंग नेमक्या जागी बसत नसत. वाघाचा पिवळा रंग वाघाबाहेर सांडलेला असे. मोराचा निळा पिसाऱ्याच्या आत थांबे आणि कडेची पिसे पांढरी राहत. खाली बारीक अक्षरात काड्यांची संख्या, कारखान्याचे गाव. एका कडेला अबकारीची सरकारी पट्टी. पहिली काडी काढताना ती फाटे.

छाप काढायची रीत होती. पेटी वाटीभर पाण्यात भिजत टाकायची. खळ सुटली की कागद तरंगत वर येई. तो बोटाने ओढायचा नाही, फाटतो. खाली पाटी सरकवायची आणि पाटीसकट उचलायचा. सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर कडा वळतात. वाळला की कोपरा धरून सोडवायचा आणि पिठाच्या खळीने वहीत चिकटवायचा. वही जुनी, निम्मी गणिते लिहिलेली. गणितांवर घोडा, जहाज, किल्ली, कमळ, विमान.

घोडा आणि जहाज विम्को कंपनीचे. कंपनी स्वीडनच्या भांडवलाची, १९२३ची, कारखाना अंबरनाथला. शिवकाशीचा धंदाही त्याच सुमारास उभा राहिला. अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन काड्या करायला शिकून आले होते. शिवकाशीच्या पेट्यांवर काहीही असे. नारळ, घड्याळ, सिंह, शिंपल्यातली बाई, एका सिनेमातल्या नटीसारखी दिसणारी दुसरीच नटी. चित्रकाराची सही कुठेच नाही.

२००५मध्ये विम्को आयटीसीने घेतली. त्याआधीच लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याची येत होती. पुठ्ठ्यावर चित्र थेट छापले जाते. चिकटवण्याचे काम संपले. पुठ्ठ्याची पेटी भिजवली तर लगदा होतो, छाप सुटत नाही.

पेटी २००७पर्यंत ५० पैशांना होती. मग एक रुपया झाली. १ डिसेंबर २०२१पासून दोन रुपये. भाव वाढला तेव्हा काड्या ३६वरून ५० केल्या. तोवर गॅसला लायटर आला होता. कंदील गेला होता, चिमणी गेली होती. पेटी देवापुढे राहिली.

कापडाच्या ठाणावर तिकीट असे. तळहातापेक्षा मोठे, चकचकीत, सात-आठ रंगांचे, कडेला सोनेरी वेल. ही चाल मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची. त्यांचे कापड हिंदुस्थानात खपायला हवे होते आणि घेणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते. म्हणून कृष्ण, लक्ष्मी, गजराज, रेल्वे, पोपट हातात घेतलेली बाई. मुंबईच्या गिरण्यांनी तेच उचलले. दुकानदार ठाण उलगडण्याआधी तिकीट अलगद सोडवी आणि गल्ल्यामागच्या भिंतीला लावी. एखाद्या गिऱ्हाइकाने मुलासाठी मागितले तर देईही. लग्नाचा बस्ता मोठा असेल तर न मागता देई.

नांदेडला उस्मानशाही मिल होती. भोंग्यावर शहर चाले. मिल बंद पडली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. खटावची व्हॉइल, फिनलेची मलमल ही नावे म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी काही वर्षे राहिली. लोह्यातल्या कापड दुकानात आता प्लॅस्टिकच्या पिशवीतला माल सुरतेहून येतो. पिशवीवर मॉडेलचा फोटो असतो. दहा पिशव्यांवर एकच फोटो.

राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाने घेतला. तिथे देव छापले जात आणि मालाची लेबलेही. एकच दगड, एकच शाई. दादासाहेब फाळके काही काळ त्या छापखान्याचे काम करत. १९७२मध्ये छापखाना जळाला.

कॅलेंडरे मोंढ्यातले आडते वाटत. खालच्या अर्ध्यात तारखा आणि दुकानाचे नाव, वरच्या अर्ध्यात चित्र. रघुवीर मुळगावकरांची लक्ष्मी, मुळगावकरांचा कृष्ण. गुलाबी गाल, ओले डोळे. वर्ष संपले की तारखा कापून टाकत आणि चित्राला चौकट करून आणत. काच परवडत नसेल तर नुसते पुठ्ठ्यावर डकवत. काही घरांत देवघरातले सगळेच देव कुठल्या ना कुठल्या आडत दुकानाचे होते.

कालनिर्णय १९७३चे. त्यात पंचांग आले, रेल्वेचे वेळापत्रक आले, पाठीमागे लेख आणि पाककृती आल्या. दुधाचा हिशेब लिहायला चौकट आली. चित्राला जागा उरली नाही. वर्ष संपले की ते रद्दीत जाते. त्यात जपण्यासारखे काही नसते.

माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड–लातूर रस्त्यावर. मार्गशीर्षात खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी बैल. जनावरांचा बाजार संपतो तिथून चित्रांचा सुरू होई. खंडोबा-म्हाळसेच्या तसबिरी. पोस्टकार्डाएवढे नटनट्यांचे फोटो, दोरीवर चिमट्याने लावलेले. गाण्यांच्या चोपड्या. तंबूच्या टॉकीजसमोर रंगवलेला पडदा. तमाशाच्या फडांचे कापडी बोर्ड, त्यांवर फडाच्या नायिकेचा चेहरा पुरुषभर उंच. हा चेहरा रंगवणारे पेंटर फडाबरोबर फिरत. आता बोर्ड फ्लेक्सचे आहेत. एका रात्रीत छापून येतात. त्यांवर नायिकेबरोबर शुभेच्छुकांचेही फोटो असतात.

यात्रेतल्या फोटो स्टुडिओत मागे ताजमहाल आणि पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल होती. नवरा पुढे, बायको मागे. मोटारसायकलीला नंबरप्लेट होती. स्टुडिओ दोन-तीन असत. मोबाइल आले तशी एकेक राहुटी कमी झाली. करोनाच्या काळात यात्राच झाली नाही. नंतरच्या यात्रांत मोबाइलच्या कव्हरांची दुकाने वाढली. कव्हरांवर चित्रे असतात.

बिग फन बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंचे फोटो निघत. फोटो अंगठ्यापेक्षा थोडे मोठे. त्यांवर धावा असत, काहींवर बळी. धावा जमवून कंपनीला पाठवल्या की बक्षीस, असे सांगितलेले असे. लोह्याहून पाकीट पाठवायचे म्हणजे पोस्टाचा खर्च आला. बहुतेकांनी फोटोच ठेवले. गावसकर, कपिलदेव, वेंगसरकर, श्रीकांत. वेंगसरकर दोन आले तर एक देऊन श्रीकांत घ्यायचा. बबलगमच्या पिठीने फोटोला गोड वास येई. तो वास वहीला लागे आणि वहीला मुंग्या लागत.

किराणा दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असे. पुठ्ठ्यावर घडी घातलेल्या शंभरेक चिठ्ठ्या, मधे बक्षिसे. दहा पैशांना एक चिठ्ठी फाडायची. आत आकडा. पुठ्ठ्यावर त्या आकड्याचे बक्षीस असेल तर मिळे. मोठे बक्षीस क्रिकेटपटूचे किंवा अमिताभचे पोस्टर. पोस्टर दुकानदार वर, सगळ्यांना दिसेल असे लावी. त्याचा आकडा पुठ्ठा संपत आला तरी निघत नसे. कधीकधी पुठ्ठा बदले आणि पोस्टर तेच राही.

१९९६च्या विश्वचषकाचे नावच विल्स वर्ल्ड कप होते. सिगारेट कंपनीचे नाव टीव्हीवर दिवसभर दिसे. २००१मध्ये कंपनी क्रिकेटमधून बाहेर पडली. त्याआधी, १९९९च्या विश्वचषकाच्या वेळी, ब्रिटानियाच्या बिस्किटपुड्यांवर धावा होत्या. शंभर धावांची वेष्टने दिली की चित्रांची पुस्तिका मिळे आणि त्यात इंग्लंडला जायची संधी खरडून पाहायची. लोह्याच्या दुकानांत त्या उन्हाळ्यात बिस्किटे कापलेल्या पुड्यांतून विकली गेली. धावा आधीच कोणीतरी कापून घेतल्या होत्या.

त्यानंतर वेफर्सच्या पुडीतून प्लॅस्टिकच्या चकत्या आल्या. त्यांवरचे प्राणी जपानी होते. मुलांना त्यांची नावे पाठ होती. चकत्याही गेल्या. पुडीत आता वेफर्स असतात आणि हवा.

भिंती वेगळ्या. नांदेड–लातूर रस्त्याकडेच्या घरांच्या भिंती कंपन्यांनी रंगवलेल्या असत. पेंटर शिडी घेऊन येई. घरमालकाला पैसे नव्हे, पुष्कळदा फुकट चुना मिळे. गेरूच्या पट्ट्यावर पांढरी अक्षरे. साबण, जर्दा, खत, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. ‘नांदेड ४४’ कापसाचे बोंड. ते वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे, १९८०च्या दशकातले. २००२मध्ये देशात बीटी कापूस आला. काही वर्षांत बोंड भिंतीवर राहिले आणि शेतातून गेले. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. तो रुंद झाला तेव्हा कडेची घरे तुटली. भिंती त्यांच्याबरोबर गेल्या.

कायद्याच्या तारखा ओळीने अशा. १ मे २००४पासून तंबाखूच्या जाहिरातींना बंदी. ३१ मे २००९पासून वेष्टनावर चित्राचा इशारा. जुलै २०१२मध्ये महाराष्ट्रात गुटख्याला बंदी. २०१६मध्ये इशारा ८५ टक्के. सप्टेंबर २०२०मध्ये राज्यात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी. कायदे योग्यच होते. तंबाखूने मेलेली माणसे लोह्यात प्रत्येक गल्लीत आहेत. पाकिटे जमवणाऱ्यांपैकी काहीजण पुढे ओढायला लागले, त्यांतलेही.

टपरीवर पाकिटे अजून रचलेली असतात. सगळ्यांवर एकच फोटो. लांबून कुठली कुठली ते कळत नाही. दुकानदाराला जागेवरून कळते.

माळवदाच्या घरात देवळी असे. भिंत दोन हात रुंद, तिच्यात देवळी खोल. दिवा, काडेपेटी, औषधाची बाटली आणि मागच्या बाजूला डकवलेला कागद. तो कागद बहुतेक तिकीट असे, नाहीतर कॅलेंडरातला देव. ढाळजेतल्या खांबावर बिडीचा मालक. पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून नटी. ट्रंक उघडली की ती दिसे, मिटली की नाही. ट्रंक सासूरवाशिणीची असे आणि नटी तिने माहेरी लावलेली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. लोहा, कंधार लांब होते, पण माळवदाची भीती इकडेही बसली. लोकांनी भिंती उतरवल्या, पत्रे टाकले. मग विटा आणि स्लॅब आले. चार इंची भिंतीत देवळी बसत नाही. नव्या भिंतीवर कागद डकवू देत नाहीत, रंग निघतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी जेफरसन बर्डिक नावाचे गृहस्थ होते. विजेच्या कारखान्यात कामाला. लग्न केले नाही. सांध्यांच्या दुखण्याने बोटे आखडली होती. सिगारेटचे पत्ते, लेबले, जाहिरातीचे कागद त्यांनी आयुष्यभर जमवले, त्यांची सूची छापली, प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. वॅग्नरच्या मालिकेला जगभर लावतात तो क्रमांक त्यांचाच. तीन लाखांहून अधिक कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि तिथे बसून स्वतः वह्यांत चिकटवले. १९६३च्या जानेवारीत काम संपले. मार्चमध्ये ते वारले.

कापडाच्या तिकिटांचे प्रदर्शन २०२५मध्ये बेंगळुरूच्या मॅप संग्रहालयात झाले. काडेपेट्यांचे छाप जमवणारे मुंबई-पुण्यात आहेत. ते एकमेकांशी अदलाबदल करतात, जुना विम्को घोडा मिळाला तर पैसेही मोजतात. बिडीच्या कट्ट्याचा कागद जमवणारे त्याहून कमी. चिठ्ठ्यांचा पुठ्ठा जमवणारे ऐकिवात नाहीत. पुठ्ठा संपला की दुकानदार तो चहाच्या भांड्याखाली ठेवी.

लोह्यात घर पाडताना ट्रंक निघते, कधी वही निघते. ती रद्दीवाल्याकडे जाते. वह्या, वर्तमानपत्रे, पुठ्ठा, असे तीन ढीग असतात आणि तिन्हींचे भाव वेगळे. वहीचा भाव किलोवर ठरतो. आत छाप चिकटवलेले असले तरी तोच. खळीने वजन थोडे वाढते, ते रद्दीवाला कापत नाही.